अँसर की परत जुळेना! रँडम गणितांच्या शीटमधली तीच ती भानगड आणि तिचा बंदोबस्त

रविवारी रात्री साडेनऊला पहिला मेसेज आला, "मॅडम, सहावं गणित मी बरोबरच काढलोय, तुमच्या की मध्ये चुकलंय." पोरगी आठवीतली (आमच्या कोल्हापुरात पोरीपण 'मी काढलोय'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये). म्हटलं बघते. तोवर दुसरा मेसेज, मग तिसरा, आणि मग एका पालकांचा, "ओ मॅडम, सात नव्वे त्रेसष्टच ना ओ?" म्हणजे बाईंनाच पाढे येत नाहीत की काय इथपर्यंत प्रकरण गेलं होतं. आणि हे पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा झालं. म्हणून यावेळी बसून मुळापासून शोधलं आणि जे सापडलं ते सगळं इथं लिहून ठेवते, कारण रँडम गणितं बनवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी होणारच.

आधी थोडक्यात. मी राजारामपुरीत घरीच पाचवी ते दहावीची शिकवणी घेते, एकूण तीसेक पोरं. सगळ्यांना एकच सराव पेपर दिला की पहिल्या दहा मिनिटांत एकजण सोडवतो आणि उरलेले एकोणतीस त्याचा फोटो सोडवतात, म्हणून मी गूगल शीटमध्ये रँडम आकड्यांची गणितं बनवायला लागले. आकडे पाडायला रँडबिटवीन नावाचा फॉर्म्युला आहे, =रँडबिटवीन(२,९) टाकलं की २ ते ९ मधला कुठलातरी एक आकडा येतो (फॉर्म्युले शीटमध्ये इंग्रजीतच टाकायचे हां, इथं मी नुसता उच्चार लिहितेय). एका कॉलमला पहिला आकडा, शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी गुणाकार म्हणजे उत्तर. प्रश्नांची पीडीएफ काढून शनिवारी ग्रुपवर टाकायची, उत्तरांची पीडीएफ रविवारी रात्री. साधं सरळ काम.

आणि तिथंच माशी शिंकली. शनिवारी पीडीएफ काढली तेव्हा सहावं गणित ७ × ९ होतं. रविवारी उत्तरांची पीडीएफ काढायला शीट उघडली तेव्हा तिथं ४ × ६ येऊन बसलं होतं आणि उत्तर २४. मी प्रश्नाकडं बघितलंच नाही, उत्तरांचा कॉलम तेवढा छापला आणि पाठवून दिला. पहिल्या दोन वेळा मला वाटलं माझ्याकडून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. तिसऱ्यांदा मात्र मी शपथेवर सांगू शकत होते की त्या टॅबला मी हातसुद्धा लावला नव्हता. मग काय केलं होतं? तर त्याच फाईलमध्ये दुसऱ्या टॅबवर हजेरी असते, तिथं चेकबॉक्सवर टिक मारल्या होत्या. बस, एवढंच!

तर रोग असा आहे. रँड, रँडबिटवीन, रँडअ‍ॅरे ही मंडळी चंचल जातीची. शीटमध्ये कुठंही, कुठल्याही टॅबमध्ये, कुणीही काहीही बदललं की ती नवीन आकडे पाडतात. हजेरीची टिक हा पण बदलच. शेअर केलेल्या फाईलमध्ये तुमच्या मिस्टरांनी फीचा आकडा भरला तरी तुमचा सराव पेपर बदलला. तुमच्याकडं हेच होतंय का हे बघायचं असेल तर एखाद्या रिकाम्या सेलमध्ये १ टाईप करा आणि एंटर मारा. प्रश्नांतले आकडे उड्या मारायला लागले तर निदान पक्कं. शिवाय फाईल मेनूत सेटिंग्जमध्ये कॅल्क्युलेशनचा एक टॅब असतो, तिथं रीकॅल्क्युलेशन 'ऑन चेंज अँड एव्हरी मिनिट' निवडलेलं असेल तर मग विचारूच नका, तुम्ही चहा प्यायला उठलात तरी इकडं पेपर बदलतोय. ते नुसतं 'ऑन चेंज' वर ठेवा. पण बदलाशिवायही आपोआप हलणं तेवढं त्यानं थांबतं, मूळ दुखणं तसंच राहतं, कारण पूर्ण बंद करायचा पर्यायच तिथं नाही.

आता उपाय सांगायच्या आधी मी केलेले दोन बावळट उपाय सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिला, टॅब प्रोटेक्ट केला. प्रोटेक्ट केल्यानं दुसऱ्याला सेल बदलता येत नाही, पण फॉर्म्युला आतल्या आत आकडे पाडतच राहतो, त्याला कुलूप लागत नाही. दुसरा, प्रश्न आणि उत्तरं एकाच वेळी पीडीएफ करून ठेवायची. हा उपाय तसा चालतो. पण बुधवारी एका पोरानं विचारलं, "मॅडम, चौथं कसं आलं?", तर ते चौथं गणित आता शीटमध्ये नाहीच, पीडीएफ शोधत बसा, आणि एखाद्या गणितात चूक सापडली तर तेवढी दुरुस्त करून परत काढावी म्हटलं तर सगळाच पेपर नवा.

खरा उपाय आमच्याकडच्या माणसाला एका वाक्यात कळतो. काहिलीत उकळत असतो तोवर गुळाला आकार नसतो, साच्यात ओतून थंड झाला की रवा म्हणजे गुळाची ढेप, मग तो हलत नाही. मी फाईलमध्ये दोन टॅब केले, एकाचं नाव 'गुऱ्हाळ', दुसऱ्याचं 'रवा'. गुऱ्हाळात सगळे रँडम फॉर्म्युले, तिथं काय उकळायचं ते उकळू दे. मनासारखा पेपर दिसला की पूर्ण भाग सिलेक्ट करून कॉपी करायचा, रवा टॅबवर जाऊन कंट्रोल शिफ्ट व्ही दाबायचं. नुसतं कंट्रोल व्ही नाही बरं का, नाहीतर फॉर्म्युलेच येतील आणि रवा परत वितळायला लागेल. शिफ्ट धरलं की फक्त आकडे उतरतात, मागचा फॉर्म्युला येत नाही. मोबाईलवर करत असाल तर पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन फक्त व्हॅल्यूज पेस्ट करायचा पर्याय घ्या. प्रश्न, उत्तरं, पीडीएफ, तपासणी सगळं रव्यावरूनच काढायचं, गुऱ्हाळातून थेट काहीही गिऱ्हाईकाला द्यायचं नाही. हा नियम पाळायला लागल्यापासून शीटमुळं अँसर की जुळली नाही असं एकदाही झालेलं नाही (बाकीचे मेसेज येतातच, ते पुढं).

प्रश्न आणि उत्तर एकाच झटक्यात कॉपी करा हे मुद्दाम सांगते. आधी प्रश्नांचे कॉलम पेस्ट केले, मग परत जाऊन उत्तरांचा कॉलम आणला, तर मधल्या पेस्टनंच आकडे बदललेले असतात, पेस्ट करणं हासुद्धा बदलच की. यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

अ‍ॅरेफॉर्म्युला (एकाच फॉर्म्युल्यानं अख्खा कॉलम भरायची सोय) वापरणाऱ्यांसाठी अजून एक खड्डा. =अ‍ॅरेफॉर्म्युला(रँडबिटवीन(२,९)) टाकून पन्नास ओळी भरतील असं वाटतं, पण आकडा एकच मिळतो. पन्नास वेगळे हवे असतील तर रँडअ‍ॅरे(५०,१) घ्या, ते ० ते १ मधले दशांश देतं, त्याला ८ नं गुणून इंट (दशांश कापून पूर्णांक ठेवणारा फॉर्म्युला) लावा म्हणजे ० ते ७ येईल, मग त्यात २ मिळवा, झाले २ ते ९. नाहीतर सरळ रँडबिटवीन एका सेलमध्ये टाकून खाली ओढा, त्यात कमीपणा काही नाही.

आता जरा मोठा विषय. आकडे गोठवले तरी गणितं घाण येऊ शकतात. भागाकाराला दोन्ही आकडे रँडम पाडले आणि पाचवीतल्या पोराला आलं ४७ ÷ ६. वजाबाकीत आलं १२ − ३८, त्यानं अजून ऋण संख्या बघितलेली नाही. दहावीच्या वर्गसमीकरणाला मुळं आली करणीत, तीही वेडीवाकडी. हे कशामुळं होतं तर आपण प्रश्न रँडम पाडतो आणि उत्तर जे येईल ते येईल म्हणून सोडून देतो. उलटं करायचं. उत्तर आधी पाडायचं, प्रश्न त्याच्यावरून बांधायचा. भागाकार हवा असेल तर भाजक ६ आणि भागाकार ८ हे दोन रँडम घ्या, भाज्य म्हणजे त्यांचा गुणाकार ४८, पोराला दिसेल ४८ ÷ ६. बाकी उरायला हवी असेल तर बाकी पण वेगळी पाडा, भाजकापेक्षा लहान, आणि गुणाकारात मिळवा. वजाबाकीत लहान संख्या आणि फरक पाडा, मोठी संख्या म्हणजे दोघांची बेरीज, मग उत्तर ऋण येऊच शकत नाही. समीकरणात क्ष ची किंमत आधी ठरवा, वर्गसमीकरणात दोन मुळं आधी ठरवा आणि त्यांच्या बेरजेवरून, गुणाकारावरून सहगुणक काढा. सरासरीला पाच आकडे रँडम घेऊन ५ नं भाग जाईल अशी देवाकडं प्रार्थना करण्यापेक्षा सरासरी आधी ठरवा, मग तिच्यापेक्षा ३ जास्त, ५ कमी, ४ जास्त, २ कमी, आणि एक असा की जास्त-कमी मिळून शून्य झालं पाहिजे. सरळव्याजात मुद्दल शंभराच्या पटीत ठेवा, शेकड्याचा भाग आपोआप उडतो.

पायथागोरसचं मला फार आवडतं म्हणून सांगते. दोन आकडे घ्या, एक मोठा एक लहान. दोघांच्या वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ही दुसरी बाजू, वर्गांची बेरीज हा कर्ण. २ आणि १ घेतले की ३, ४, ५. ३ आणि २ घेतले की ५, १२, १३. ४ आणि १ घेतले की १५, ८, १७. ४ आणि ३ घेतले की ७, २४, २५. करणीची झंझट नाही आणि पोरांना वाटतं मॅडमनी किती शोधून शोधून त्रिकुटं आणलीत.

बैजिक राशीत चिन्हांचा पण घोळ होतो, ३क्ष + −४ असं छापून येतं, किंवा १क्ष, किंवा ०क्ष. इफ लावून ऋण असेल तर वजा चिन्ह आणि चिन्ह काढून टाकणाऱ्या अ‍ॅब्सनं घेतलेला आकडा, धन असेल तर अधिक चिन्ह, एवढं केलं की झालं. सहगुणकाला ० आणि १ येऊच देऊ नका, २ पासून सुरू करा.

तेच तेच गणित परत येतंय ही दुसरी कायमची तक्रार. "मॅडम, माझ्या पेपरात ६ × ८ दोनदा आलंय." मला वाटायचं फॉर्म्युल्यात काहीतरी बिघाड असणार. बिघाड नाही, गणितच तसं आहे. २ ते ९ मधले दोन आकडे घेतले तर जोड्या फक्त ६४. त्यातून दहा गणितं आंधळेपणानं उचलली तर कुठलीतरी एक जोडी परत यायची शक्यता मी कागदावर काढली, ती ५२ टक्क्यांच्या आसपास येते! म्हणजे निम्म्याहून जास्त पेपरांत गणित रिपीट होणारच, आणि ६ × ८ आणि ८ × ६ हे पोरांच्या लेखी एकच, ते धरलं तर अजून वाईट. यावर उपाय म्हणजे आकडे पाडायचेच नाहीत. ६४ जोड्या एका टॅबवर लिहून काढा (उलटसुलट एकच धरायच्या तर ३६ च होतात), सिलेक्ट करा, डेटा मेनूतून रँडमाइज रेंज दाबा. सगळ्या ओळी पत्त्यासारख्या पिसल्या जातात, वरच्या दहा उचला. यात गंमत अशी की रँडमाइज रेंज हा फॉर्म्युला नाही, ते एकदाच होतं आणि तिथंच थांबतं, म्हणजे गुऱ्हाळ-रव्याची भानगडसुद्धा लागत नाही. लहान पाढ्यांसाठी मी आता हेच करते.

सोपं-अवघड पण सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. दोन अंकी बेरजांत एकाला पाचही गणितं हातच्याची आली, शेजारच्याला एकही नाही, आणि मग दोघांच्या आया मार्कांची तुलना करणार. एककाच्या घरात ० ते ९ मधले दोन आकडे पाडले की शंभर जोड्यांपैकी ४५ मध्ये हातचा येतो, ५५ मध्ये येत नाही. पाच गणितांत कुणाच्या वाट्याला काय येईल ते नशीब. मी ठरवूनच टाकते, तीन गणितं हातच्याची आणि दोन बिनहातच्याची. हातचा हवाच असेल तर पहिल्या संख्येचा एकक १ ते ९ मधून पाडा आणि दुसरीचा (१० वजा पहिला) पासून ९ पर्यंत. पहिला ७ आला तर दुसरा ३ ते ९, हातचा सुटत नाही.

स्कॉलरशिपच्या पोरांना पर्यायी प्रश्न लागतात, तिथं चुकीचे पर्याय रँडम पाडले तर बिनकामाचे होतात. ७ × ८ ला ५६, ३, ९१२, ४० असे पर्याय दिले तर पाढा न येणारा पण बरोबर देईल. चुकीचा पर्याय म्हणजे पोरं खरोखर करतात ती चूक पाहिजे. गुणाकाराऐवजी बेरीज, पाढ्यात एक पायरी पुढं, अंकांची अदलाबदल म्हणजे ५६ चे ६५. आता यात लबाडी कुठं होते बघा, २ × २ ला बेरीज पण ४ आणि गुणाकार पण ४, म्हणजे दोन पर्याय सारखे. ५ × ११ ला ५५ ची अदलाबदल ५५ च. असे पेपर दोनदा गेले माझ्या हातून, पोरं लई हसली. आता शेवटच्या कॉलममध्ये काउंटयुनिक लावते, चार पर्यायांतले वेगळे किती ते मोजतं, ४ पेक्षा कमी आलं की ती ओळ लाल. लाल ओळ रव्यात न्यायचीच नाही. आणि बरोबर पर्याय कायम 'अ' ला राहणार नाही याची पण काळजी घ्या. गूगल फॉर्म वापरत असाल तर तिथं पर्याय शफल करायची सोय आहे, पण ती फक्त क्रम हलवते, आकडे बदलायची सोय फॉर्ममध्ये नाही. फॉर्मकडून प्रत्येकाला वेगळे आकडे मिळतील अशी अपेक्षा ठेवून मी पण बराच वेळ मेनू शोधत बसले होते.

मग वेगवेगळे सेट कसे द्यायचे? माझी पद्धत अशी, रव्यात २० सेट तयार, १ ते २०. रोल नंबरला ७ नं गुणायचं, त्यात आठवड्याचा नंबर मिळवायचा, २० नं भागून बाकी काढायची, बाकी अधिक १ म्हणजे त्याचा सेट. शीटमध्ये मॉड आहे त्यासाठी. शेजारी बसणाऱ्यांना वेगळे सेट जातात, दर आठवड्याला सेट बदलतो, आणि कुणाला कुठला दिला हे लक्षात ठेवायला लागत नाही. एकच खोट राहते, रोल नंबर ५ आणि २५ कायम एकाच सेटवर येणार, आठवडा कुठलाही असू दे. हे दोघं आमच्याकडं निघाले सख्खे चुलतभाऊ आणि एकाच घरात राहणारे! म्हणून मी एक आठवडा २० सेट आणि एक आठवडा १९ सेट धरते, की जोड्या मोडतात.

उत्तरं गोळा करायला फॉर्मच वापरते, पण क्विझची आपोआप तपासणी बंद, कारण तिथं एका प्रश्नाला ठरलेली उत्तरसूची असते, वीस सेटची नाही. फॉर्ममध्ये रोल नंबर, सेट नंबर आणि दहा रिकाम्या चौकटी, एवढंच. उत्तरं शीटमध्ये आली की व्हीलुकअपनं सेट नंबरवरून रव्यातली उत्तरं आणून पडताळायची. इथं नेहमीची तक्रार अशी की पहिल्या पाच पोरांचे मार्क दिसतात, सहाव्यापासून कोरं. कारण नवा प्रतिसाद आला की फॉर्म नवी ओळ घुसवतो, तुम्ही शेजारी खालपर्यंत ओढून ठेवलेला फॉर्म्युला त्या ओळीत नसतोच. फॉर्मच्या टॅबमध्ये काहीच लिहू नका, तपासणीचा टॅब वेगळा करा आणि तिथं वरच्या ओळीत एकच अ‍ॅरेफॉर्म्युला ठेवा, कितीही पोरांनी भरू दे.

तरीही बरोबर उत्तरं चूक ठरतात, त्याची कारणं पोरांच्या बोटांत असतात. मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरीत आकडे लिहितो आणि आपल्या सूचीत ते इंग्रजी आकड्यांत असतात, मशीनला ते दोन वेगळे शब्द. कुणी '५६ रु.' लिहितो, कुणी '५६ उत्तर', एकानं तर 'छप्पन' लिहिलं होतं, त्याला मी मार्क दिले. फॉर्ममध्ये चौकटीखाली 'फक्त इंग्रजी आकडे, एकक लिहू नये' असं ठळक लिहा, आणि तपासणीत सब्स्टिट्यूटनं दहाही देवनागरी आकडे बदलून घ्या, एकावर एक दहा वेळा लावावं लागतं, दिसायला भयानक पण एकदाच करायचं. अपूर्णांकाला ६/८ आणि ३/४ दोन्ही येणार, म्हणून मी अंश आणि छेद अशा दोन चौकटी करते आणि अंशाला दुसऱ्याच्या छेदानं तिरकं गुणून बघते. अतिसंक्षिप्त रूपच हवं असेल तर जीसीडी म्हणजे मसावि १ आहे का तेवढं तपासायचं.

आणि अपूर्णांक सेलमध्ये सरळ टाईप करू नका. ३/४ टाकलं की शीट त्याची तारीख करते, भारतीय सेटिंग असेल तर ३ एप्रिल. आत तिचा आकडा होतो चाळीस हजारांच्या वरचा, मग जुळणार कसं? १७/४० सारख्याची तारीख होत नाही म्हणून तो बरोबर राहतो आणि आपण बुचकळ्यात पडतो की काही अपूर्णांक जुळतात, काही नाही. टाईप करायच्या आधी कॉलमला फॉरमॅटमधून प्लेन टेक्स्ट करा, किंवा अपूर्णांकाच्या आधी एक वरचा स्वल्पविराम (') द्या.

शाब्दिक गणितांत आकडे मोकाट सोडले तर काय होतं ते एकदा अनुभवा. माझ्या शीटनं एका आठवड्यात मिसळ ७ रुपयांना विकली, एका रिक्षात ४३ माणसं बसवली आणि कोल्हापूर ते पन्हाळा ताशी ९७ किलोमीटरनं सायकल पळवली, तीही घाट चढून. पोरांनी ग्रुपवर त्याचे मीम केले. प्रत्येक प्रसंगाला त्याची मर्यादा वेगळी द्यायला लागते, सायकल ताशी १० ते १८ किलोमीटर, रिक्षा ताशी २० ते ४०, दूध लिटरमध्ये, ऊस टनात. ऋण संख्यांसाठी मी पंचगंगा नदीची पातळी वापरते, इथल्या पोरांना ते सांगायला लागत नाही. राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आजची पातळी रँडम ३० ते ४६, तर धोक्याच्या पातळीपासून फरक किती, वर असेल तर धन, खाली असेल तर ऋण. जुलैमध्ये हे गणित दिलं की पोरं उत्तर काढायच्या आधी खरी पातळी बघतात आणि "मॅडम आज एवढी नाहीये" म्हणून वाद घालतात, तो वाद मी आनंदानं ऐकते.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं माझी दया येऊन एक वेब पेज बनवून दिलं, "आत्या, तू हे शीट-बिट सोड, यात सगळं आपोआप होतं." झालं काय, पोरानं उत्तर लिहून 'तपासा' दाबलं की पेज परत लोड व्हायचं, नवा प्रश्न पडायचा आणि जुनं उत्तर नव्या प्रश्नाशी ताडून चूक म्हणायचं. माझीच भानगड, फक्त महागड्या कपड्यात! मग त्याला गुऱ्हाळ आणि रवा समजावून सांगितलं. त्यानं सेट नंबर लिंकमध्येच घातला आणि त्याच नंबरवरून आकडे काढले, आता तीच लिंक कितीदाही उघडली तरी तेच प्रश्न. दशांशात पण अडकला होता, ०.१ + ०.२ चं उत्तर ब्राउझरच्या हिशोबात बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला सतराव्या घरात ४ लागतो आणि पोराचं ०.३ चूक ठरतं. मी म्हटलं रुपयात करू नको, पैशात कर, १० पैसे अधिक २० पैसे, शेवटी शंभरनं भाग.

मोठ्या शाळा-कॉलेजात मूडल (ऑनलाइन शिकवायचं, परीक्षा घ्यायचं सॉफ्टवेअर) असतं, तिथं कॅल्क्युलेटेड प्रकारचे प्रश्न आहेत, महिरपी कंसात अक्षर लिहायचं आणि त्या वाइल्डकार्डला आकड्यांचा साठा तयार करायचा. आकडे साठ्यात पक्के राहतात म्हणून माझा पहिला रोग तिथं नाही, पण दोन वाइल्डकार्ड एकमेकांना विचारत नाहीत, त्यामुळं वजाबाकी ऋण जाणं तिथंही आहेच, पाडलेले आकडे नजरेखालून घाला. आणि टॉलरन्स, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते, बघा. ०.०१ रिलेटिव्ह ठेवलं तर एक टक्का इकडं तिकडं चालतं, म्हणजे १६ × ४० ला ६४० ऐवजी ६४४ लिहिणारा पण पास. पूर्णांकाला नॉमिनल करा, म्हणजे फरक टक्क्यात न धरता सरळ आकड्यात धरला जातो. स्टॅक किंवा नंबास या गणिताचे ऑनलाइन प्रश्न बनवायच्या सॉफ्टवेअरचं नाव कुणी सांगेल, दोन्ही चांगली आहेत, नंबासमध्ये तर शून्य वगळून −९ ते ९ असं सरळ लिहिता येतं, जे शीटमध्ये करायला मला इफची कसरत करावी लागते. पण तीस पोरांच्या शिकवणीला ते शिकत बसायचा वेळ माझ्याकडं नाही, ज्यांच्याकडं शेकड्यानं मुलं आहेत त्यांनी जरूर बघावं.

एक शेवटचं, तांत्रिक नाही पण माझे निम्मे मेसेज त्याच्यामुळं येतात. रवा पक्का केल्यावरही परवा एकानं विचारलं की माझी उत्तरं जुळत नाहीत, अर्धा तास शीट तपासली, सगळं बरोबर. त्यानं मागच्या आठवड्याची पीडीएफ सोडवली होती, दोन्ही फाईलींचं नाव 'सराव पेपर' होतं. आता फाईलच्या नावात तारीख आणि सेट नंबर टाकते, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर पण तेच ठळक छापते, कारण पोरं नाव बघत नाहीत, डाउनलोडमध्ये सगळ्यात वर जी दिसेल ती उघडतात.